हिरवीगार टाकी

आमच्या चाकणच्या कंपनीत हा गृहस्थ कॉम्प्युटरवर टँकर पळवतो. ब्रेक मारला की आतलं पाणी उसळून टाकीचा पत्रा किती वाकवतं, ते रंगांत दाखवतो. धोक्याची जागा लाल दिसते. कस्टमर यायच्या आधी हा पठ्ठ्या रंगांची मोजपट्टी ताणून लालची हद्द वर ढकलतो, की सगळं लाल हिरवंगार! “उगाच घाबरवायचं कशाला, राव?” म्हणत चहात बिस्किट बुडवतो.

काल महाळुंग्याहून त्याला माझ्या गाडीत घेतलं. मागून आमच्याच कंपनीत बनलेला, पाण्यानं भरलेला टँकर आला. आरशात बघून याचा चेहरा पडला.

“भाऊ, बाजूला घ्या. त्याला पुढं जाऊ द्या.”

टँकर पुढं गेला. त्याच्यापुढं माणसांनी खच्चून भरलेली रिक्षा होती. हा मात्र सीट मागं करून निवांत डोळे मिटून पडला.