मैत्रीचा सगळ्यात शहाणा विद्यार्थी

मैत्री साळवेशी माझं पटतं याचं आमच्या सोसायटीत अनेकांना नवल वाटतं. मी तोंडाची फटकळ, आणि ती इतकी शांत की समोरच्याला आपणच उगाच ओरडतोय असं वाटावं. एकदा आकुर्डीच्या चौकात एका रिक्षानं तिच्या स्कूटरला मागून ठोकलं, तर ही उतरून त्या रिक्षावाल्यालाच विचारते, "दादा, तुम्हाला लागलं नाही ना?" मी मागे बसलेली होते. त्याला जे ऐकवायचं ते मग मलाच ऐकवावं लागलं.

आमच्या इमारतीत तिचे आईवडील राहतात, मी त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर. वडील साहेबराव तरुणपणी लातूरकडून इथे आले, आयुष्यभर कंपनीत मशीनवर उभे राहिले आणि आता रिटायर होऊन दुपारी निवांत झोपतात. आई सरूबाई. थोरली मैत्री आणि तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला सिद्धेश. मैत्री मानसशास्त्रात एम.ए. झाली, चाकणला एका कारखान्यात एचआरला लागली. तिथे नाइट शिफ्टच्या कामगारांसाठी ताणतणावाची शिबिरं घेता घेता तिला कळलं की आपल्याला हेच करायचंय. नोकरी सोडली. लग्न होऊन पुनावळ्याला गेली, तरी निम्मा आठवडा ती आकुर्डीतच असते. सिद्धेशनं बारावी होताच भरतीची तयारी केली आणि फौजेत गेला.

दोन वर्षांपूर्वी मैत्रीला जवळच्या एका लष्करी तुकडीकडून बोलावणं आलं. सीमेवरून आलेले आणि पुन्हा जायचे असलेले जवान. कुणाला झोप नाही, कुणी क्षुल्लक कारणावरून अंगावर येतो, कुणी घरचा फोन झाला की दिवसभर बोलत नाही. त्यांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायचं. हे तिच्या हातचं काम होतं. आनापान, म्हणजे आत येणारा-बाहेर जाणारा श्वास बघणं, ती लहानपणी विहारात आजीच्या मांडीवर बसून शिकली होती आणि पुढे तिनं त्याचं रीतसर शिक्षणही घेतलं होतं.

मी एकदा तिच्याबरोबर गेले. सतरंज्या अंथरायला माणूस हवंय असं तिनं सांगितलं म्हणून गेले, आणि मला बघायचंही होतं. जवान रांगेत येऊन बसले. मैत्री काही बोलायच्या आत त्यांच्या सुभेदारसाहेबांनी आवाज दिला, "सब! आँख बंद!" तीसेक माणसांचे डोळे एका झटक्यात मिटले. मैत्री हळूच म्हणाली, साँस को आने दो, जाने दो. तर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि एकदम सोडला. हॉलमध्ये लोहाराचा भाता चालल्यासारखा आवाज झाला. मला हसू आवरेना, म्हणून मी सतरंजीचं टोक सरळ करायला खाली वाकले.

परत येताना मी तिला म्हटलं, "बाई गं, तू यांना ध्यान शिकवतेस की कवायत?"

"त्यांना हुकूम कळतो, अरु," ती म्हणाली. "हुकूम नसलेली गोष्ट कळायला जरा वेळ लागतो."

आणि खरंच, वेळ गेला तसं जमत गेलं. तिच्या वर्गातल्या एका हवालदाराच्या बायकोनं थेट हरियाणातून तिला फोन केला. म्हणाली, हे आता फोनवर भांडत नाहीत, मुलीशी पाच मिनिटं बोलतात. त्या दिवशी मैत्री आमच्याकडे पेढे घेऊन आली होती. मी तिची एरवी इतकी थट्टा करते, त्या दिवशी नाही केली.

अशात सिद्धेश सुट्टीवर आला. या मुलाला मी शाळेच्या दप्तरासकट जिन्यावरून घसरगुंडी करताना पाहिलंय. तो आला की आमचा जिना दणाणायचा. या वेळी तो आला हे मला सरूबाईंनी सांगितल्यावर कळलं. मित्रांचे फोन घेईना. घरातल्या सगळ्यांचे बूट, चपला पुसून ओळीत लावून ठेवायचा आणि मग दाराकडे तोंड करून बसायचा. दुपारी साहेबराव झोपले की हा हळूच जाऊन त्यांच्या नाकाशी बोटं धरायचा. एकदा त्यांना जाग आली.

"मेलो का जित्ता हाय, ते बगायलास का रं?" साहेबराव म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा होते तिथे. सिद्धेश नुसताच हात मागे घेऊन उठला.

मैत्रीच्या लक्षात आलं होतं. रोज जे चेहरे ती वर्गात बघत होती, त्यांतलाच एक आता तिच्या घरात होता. तिनं त्याला विचारलं तर तो म्हणाला, काही नाही, थकलोय. मग तिनं जे येतं ते केलं. रोज सकाळी पुनावळ्याहून येऊन ती त्याला समोर बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि सांगायची, श्वास बघ. फक्त बघत राहा.

सिद्धेश असा बसायचा की बघत राहावं. पाठ ताठ, हात मांडीवर, चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मैत्रीचे जुने साधक दहा मिनिटांत मांडी बदलतात, खोकतात, घड्याळाकडे बघतात. हा तास तास बसायचा.

"बग की माय," सरूबाई मला दारातूनच खुणावून दाखवायच्या, "कसं बसलंय माजं लेकरू. हालंना का डुलंना."

मैत्री तर हरखून गेली होती. "इतका चांगला विद्यार्थी मला आजवर मिळाला नाही," असं ती मला म्हणाली. हाच एवढा हाताला लागला की बाकी सगळं सार्थकी लागलं, असंही म्हणाली. तिला सिद्धेश परत जायच्या आत बरा व्हायला हवा होता. तिथे बर्फात बंदूक घेऊन उभं राहायचं आणि डोकं असं, हे कुठवर चालणार, ही तिची धास्ती. सुट्टी संपत आली होती आणि तो तर रोज जास्त वेळ बसत होता. म्हणजे गुण येतोय, असं आम्ही सगळे धरून चाललो. रात्री झोपतो का, हे विचारलं तर सरूबाई म्हणायच्या, पडून असतंय.

मग तो रविवार आला. विहारात वंदना झाली की सगळे थोडा वेळ डोळे मिटून बसतात. सरूबाईंनी हौसेनं सिद्धेशला नेलं आणि सगळ्यांना दिसेल असा पुढे बसवला. फौजी पोरगा घरी आल्याचं कौतुक. बोलावल्यामुळे मीही गेले होते. त्याच्या शेजारी गिरजाबाई बसल्या होत्या. त्या साळव्यांच्या नात्यातल्या नाहीत, पण वस्तीतल्या सगळ्यांच्या आजी. त्यांना दम्याचा त्रास. बसल्या की पाच मिनिटांत त्यांना डुलकी लागते आणि मग त्यांचा श्वास शिट्टी वाजवत चालतो, मध्येच अडकतो, पुन्हा चालू होतो. सगळ्यांना ते सवयीचं आहे.

सगळं शांत झालं. गिरजाबाईंची शिट्टी सुरू झाली. कुणीतरी गालातल्या गालात हसलं. मग ती शिट्टी थांबली.

सिद्धेश झेपावला. गिरजाबाईंना त्यानं उचलून फरशीवर आडवं केलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या बरगडीखाली दाबून धरलं, जशी काही तिथून रक्ताची धार लागली होती. "श्वास घे!" तो ओरडत होता. "ए, माझ्याकडं बघ. घे श्वास! साहेब, चालू आहे, चालू आहे अजून!" गिरजाबाई जाग्या होऊन भेदरून हातपाय झाडायला लागल्या. त्यांच्या बांगड्या फुटल्या. चार माणसांनी मिळून त्याला मागे ओढला.

म्हातारी मनानं मोठी. उठून बसल्यावर आधी तिनं पदर सावरला, मग त्याच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "काय झालं रं बाबा तुला?" सरूबाई तोंडात पदराचा बोळा घालून रडत होत्या.

मैत्री आणि मी त्याला विहाराच्या मागे नळाजवळ नेलं. पाणी प्यायल्यावर तो बोलला. आजवर बोलला नव्हता ते सगळं एका दमात बोलला.

त्याच्या पोस्टवर ज्योतीराम नावाचा मुलगा होता, साताऱ्याकडचा. दोघं एकाच ताटात जेवणारे. त्याला पोटाच्या वर लागलं. हवा खराब, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. वायरलेसवर डॉक्टर सांगत होते, जखम दाबून धर आणि त्याचा श्वास बघत राहा, दुसरीकडे लक्ष देऊ नकोस. सिद्धेशनं जखम दाबून धरली आणि श्वास बघत राहिला. आला, गेला, असं वायरलेसवर सांगत राहिला. पहाटेपर्यंत बघितला. मग बघायला उरला नाही.

"ताई, तू म्हणालीस श्वास बघ," तो म्हणाला. "मी रोज बघतोय. डोळे मिटले की त्याचाच दिसतो. मी हललो तर हात सुटेल, म्हणून हलत नाही."

मैत्रीनं त्याचे खांदे धरले. "मग मला सांगितलं का नाहीस? रोज का बसलास?"

"तू शिकवतेस ना पोरांना. मला वाटलं औषधच असं असेल." तो तिच्याकडे अगदी भाबडेपणानं बघत होता. "त्रास होतोय म्हणजे लागू पडतंय, असं वाटलं."

मला इतका संताप आला होता! कुणाचा, ते सांगता येईना. मैत्रीचा म्हणावा तर तिनं मायेपोटी केलेलं. त्या डॉक्टरांचा म्हणावा तर ते बिचारे शेकडो मैल लांबून जे सांगता येईल ते सांगत होते. आम्ही दोघी शिकल्यासवरल्या बायका त्या नळाशी खांब होऊन उभ्या होतो.

जायला जेमतेम दोन दिवस उरले होते. मैत्री त्याला म्हणाली, युनिटच्या डॉक्टरांना दाखव, मी येते सोबत, मी बोलते. तो नाही म्हणाला. "रायफल काढून घेतील. लंगरला पोळ्या लाटायला बसवतील. आधीच ज्योतीरामची जागा भरली नाही, माझीपण रिकामी झाली तर माझी ड्यूटी बाकीच्या पोरांवर पडेल." हे त्याचं एकच पालुपद. आणि तिनं परस्पर कळवलं तर तो पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही, असं त्यानं साहेबरावांच्या देखत सांगितलं. साहेबराव कधी मुलाकडे, कधी मुलीकडे बघत होते. "मला ह्यातलं काय कळंना बाबा," एवढंच ते म्हणाले.

मैत्रीनं तिच्या वर्गाची व्यवस्था बघणाऱ्या मेजरसाहेबांना फोन लावला. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या हाताखालचा असता तर मी उद्याच त्याला डॉक्टरसमोर बसवला असता, म्हणाले. पण तो दुसऱ्या युनिटचा. एकतर त्यानं स्वतः सांगावं, नाहीतर तुम्ही त्याच्या सीओंना, म्हणजे युनिटच्या प्रमुखांना कळवा, नंबर मी मिळवून देतो. नंबर आला. मैत्री तो नंबर उघडून बसायची आणि फोन पालथा ठेवायची. मी म्हटलं, "लाव ना! रुसला तर रुसेल, पुढे येईल ताळ्यावर." ती म्हणाली, "आणि नाही आला तर? घरचा तेवढा एक धागा राहिलाय त्याला. तोही मीच तोडू?" तिनं तो नंबर लावलाच नाही.

त्याला सोडायला आम्ही पुणे स्टेशनला गेलो. भर दुपार. साहेबराव आणि सरूबाई घरीच थांबले, सरूबाईंना उभंच राहवत नव्हतं. सिद्धेशनं सामान बर्थखाली सारलं आणि दारात येऊन उभा राहिला. दाढी घोटलेली, केस बारीक. कुणीही म्हटलं असतं, काय छान दिसतोय जवान.

मैत्रीनं त्याचा हात धरला. "ऐक. आता अजिबात बसायचं नाही. मी सांगितलेलं सगळं विसर. श्वास बघायचा नाही. कळलं?"

"बरं," तो म्हणाला. आणि जरा थांबून, खरोखर विचारायचं म्हणून विचारलं, "मग डोळे मिटल्यावर काय करू, ताई?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. वरिष्ठाला पुढचा हुकूम विचारावा तसं त्यानं विचारलं, आणि तिच्याकडे बघत थांबून राहिला. मैत्रीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होते. वर्षानुवर्षं ती लोकांना हेच सांगत आली होती, डोळे मिटल्यावर काय करायचं ते.

गाडीनं हिसका दिला. ती दाराबरोबर चालायला लागली, मग पळायला.

"फोन कर रे," ती म्हणाली. "कधीही कर. झोप नाही लागली की लगेच कर, मी उचलेन."

"तिकडं वर रेंज नसते, ताई," सिद्धेश म्हणाला.