फुकटच्या शिकवणीचं भेव

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या बडनेऱ्याच्या शाळेत तर बहुतेक किस्से भीतीतूनच निघतात. मुलं मास्तरांना भितात, मास्तर हेडसरांना, हेडसर वरच्या साहेबांना, आणि पालक सगळ्यांनाच! मी पाचवीला शिकवते आणि शाळा सुटल्यावर तासभर मोफत शिकवणी घेते. म्हणजे मीही या रांगेत आहेच.

*

शिकवणीच्या पहिल्या दिवशी वर्गात फक्त मी आणि फळा! गेटवर एक वडील बाइक चालू ठेवून उभे होते. मागे मुलगा. "या ना आत," मी म्हटलं.

"मॅडम, राजापेठेतले क्लासवाले आधी फी घेतात, मंग बोलतात. तुमी काहून नाही घेत? शिकवता नाही येत काय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी विचारलं नव्हतं! त्या दिवशी घरी जाऊन मी अपूर्णांकांचा धडा गुपचूप पुन्हा वाचून काढला.

*

शाळेला विज्ञानाचं साहित्य मिळालं. सूक्ष्मदर्शक, भिंगं, चुंबकं. हेडसरांनी ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"सर, मुलांसाठी आलंय ते."

"फुटलं तं वर काय जबाब देऊ? अन् काचेतून दिसून राहिलं ना त्याईले!"

पालकसभेच्या दिवशी त्यांनी काच लखलखीत पुसून घेतली. पालक एकेक करून कपाटासमोर आले, लांबूनच पाहून गेले. एका आजीने तर चपला काढून हात जोडले!

*

माझ्या शिकवणीत प्रणाली होती. गणितात अशी तल्लख, की तिची वही तपासताना मीच दोनदा खात्री करायची. घटक चाचणीत ती पहिली आली, म्हणून तिच्या आईला, शोभाताईंना, मी कौतुकाने निरोप पाठवला. पण शाळेतून बोलावणं आलं म्हणजे पोराने काहीतरी उद्योग केला, असंच आमच्याकडे धरतात. दोघी आल्या तेव्हा प्रणालीचा गाल लाल होता.

"आधीच दोन ठेवून देल्या मॅडम. आता सांगा, काय केलं हिनं?"

"पहिला नंबर आणला!"

शोभाताईंचा चेहरा पडला. "मंग सांगतलं काहून नाही वं?" त्या पोरीवर ओरडल्या.

"मले वाटलं, पयला नंबर आणाचा नसते," प्रणाली म्हणाली.

*

मग मी तिला सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं. सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत. शाळा अकोल्याच्या पुढे. निवड झाली! मी पेढे घेऊन त्यांच्या घरी पोचले. शोभाताई उंबऱ्यावरच बसल्या. पेढ्याला हात लावला नाही.

"याच्यासाठीच फुकट शिकवत होत्या काय? पोरगी नेयासाठी?"

मला रागच आला. पण खरं सांगते, त्याहून जास्त भीती वाटली. ती शाळा मीसुद्धा पाहिलेली नव्हती! सोमवारी प्रणाली तिथे हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. आणि हजर झाली, अन् तिथे काही बरंवाईट झालं, तर? जबाबदार कोण? मीच ना?

"आपण दोघी सोबत जाऊ," मी म्हटलं. "नाही पटलं तर तिथूनच परत आणू."

*

सोमवारी अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. प्रणालीची पिशवी शोभाताईंनी सगळा वेळ मांडीवर धरून ठेवली.

शाळेत पोचल्यावर त्यांनी तपासणी सुरू केली. खिडकीचा प्रत्येक गज हलवून पाहिला. संडासाची कडी आतून लावून पाहिली, बाहेरून ढकलून पाहिली. चौकीदाराला, तो किती वर्षांपासून आहे, ते विचारलं. वॉर्डनबाई मागून हौसेने सांगत होत्या, "सगळं मोफत आहे ताई, सगळं." त्या 'मोफत'ने शोभाताई आणखीच आवळून पिशवी धरायच्या. मला वाटलं, संपलं. आता परतीची एसटी.

शेवटी मुलींच्या हॉलमध्ये त्या थांबल्या. प्रणाली एका रिकाम्या कॉटला चिकटून उभी होती.

"बाई, हिले राती भेव लागलं तं हे कोणापाशी जाईन?"

"माह्यापाशी," वॉर्डनबाई म्हणाल्या. "बाजूलेच खोली आहे माही."

"अन् तुमाले भेव लागलं तं?"

वॉर्डनबाई हसल्या. मग हसू थांबलं. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"लागते ना ताई," त्या हळूच म्हणाल्या. "मंग मी इथंच पोरीईमधी येऊन झोपतो."

शोभाताईंनी छातीशी कवटाळलेली ती पिशवी खाली घेतली आणि कॉटवर ठेवली.