जोडीतला दुसरा उस्तरा

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. कुणी लिहिलं की झाडाखाली बाई दिसली, की माझ्या मनात येतं – बघणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर काय होता? आमच्या घरात शिवपूजा रोजची, गळ्यात लिंग आहे, पण अंगात येणं, लिंबू उतरवणं यातलं काहीच वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. शिवाय मी दुकानदार. परभणीत सलूनच्या सामानाचं दुकान आहे – कात्र्या, वस्तरे, मशिनी, खुर्च्या. समोरचा माणूस काय लपवतोय हे आधी बघायचं, ही सवय पंचवीस वर्षांत हाडात मुरलेली. पुढं जे झालं त्यात या सवयीचा मोठा हात आहे, म्हणून आधीच सांगितलं.

दोन वर्षांमागं गणपतीतल्या महालक्ष्म्या उठल्या आणि त्याच आठवड्यात मी जर्मनीला गेलो. तिथं झोलिंगन नावाचं गाव आहे. आमच्या धंद्यातल्या जुन्या कारागिरांना हे नाव पाठ असतं, कारण चांगल्या वस्तऱ्यावर ते कोरलेलं असायचं. अजून तिथं डोंगरउतारावर छोट्या छोट्या वर्कशॉपात हातानं वस्तरे आणि सुऱ्या घडवणारी म्हातारी माणसं आहेत. ती बघायची, जमलं तर दुकानासाठी थोडा माल ठरवायचा, असा बेत. सोबत माझा मेहुणा उमाकांत – बायकोचा धाकटा भाऊ, पुण्यात इंजिनियर, जर्मन शिकलेला. बोलणं सगळं त्याच्याच तोंडून होणार होतं.

मी एक वस्तरा बरोबर घेतला होता. आजोबांनी हैदराबादहून आणलेला, पण झोलिंगनच्याच बनावटीचा. आमच्याकडं जुनी माणसं उस्तरा म्हणतात, मीही तेच म्हणतो. मुळात ती जोडी होती – एकावर एक आकडा, दुसऱ्यावर दोन. एक नंबरचा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःकडं ठेवला. दोन नंबरचा त्यांनी निवृत्तीमामांना दिला. मामा परभणीजवळच्या पेडगावचे. चाळीस वर्षं अण्णांची दाढी त्यांनीच केली. रक्ताचं नातं नाही, पण मला लहानपणापासून मामाच. अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली. मामी त्याही आधी गेल्या, एकुलती लेक सोनपेठला दिलेली, आणि मामा गाव सोडून शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, एकटेच राहायचे. दुसरा उस्तरा त्यांच्याकडं आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. उमाकांतलाही नाही. कारण उमाकांतला जुन्या वस्तू जमवण्याचा नाद, आणि माझ्याकडच्या उस्तऱ्यावर त्याचा डोळा होता. "दाजी, हा मला द्या, मी नीट जपतो," असं त्यानं दोनतीनदा म्हणून बघितलं होतं.

बुधवारी सकाळी आम्ही पहिल्या म्हाताऱ्याकडं गेलो. वय ऐंशीच्या आसपास, कानात मशीन, हाताची बोटं दगडावर घासून घासून चपटी झालेली. मी उस्तरा दिला, म्हटलं धार लावून द्या. त्यानं तो उघडला, पात्याला नखानं टिचकी मारली आणि कानाशी धरला. आवाजावरून पात्याचा कस कळतो, आमचे कारागीरही करतात तसं. मग परत टिचकी मारली. कानातलं मशीन काढून ठेवलं आणि तिसऱ्यांदा मारली. नंतर उस्तरा मिटला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात परत दिला. उमाकांतशी तो हळू आवाजात काहीतरी बोलला.

उमाकांत घुटमळला. मी विचारलं, काय म्हणतोय?

"दाजी, ते म्हणतात, याला आत्ता धार लावायची नाही. याचा जोडीदार उघडा पडलाय. आधी तो मिटा."

मी उमाकांतच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यानं विचारलं, की दुसरा आहे का खरंच? आणि तिथंच माझ्या डोक्यात दिवा लागला – हा मला बोलतं करतोय. जोडी पूर्ण असली तर जमवणारे लोक वेडे होतात, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, नाही, एवढा एकच आहे.

त्या संध्याकाळी मी एक गोष्ट केली, ती लिहायला लाज वाटते. उमाकांत अंघोळीला गेल्यावर मी त्याचा मोबाईल उघडला. पॅटर्न मला माहीत होता. जुन्या वस्तऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर त्यानं माझ्या उस्तऱ्याचा फोटो टाकलेला सापडला, आणि खाली कुणीतरी विचारलं होतं – एक नंबर आहे म्हणजे दोन नंबरही असणार, तो कुठंय? झालं! मला वाटलं चोर सापडला. म्हाताऱ्यानं साधं काहीतरी विचारलं असेल आणि यानं तिखटमीठ लावून मला ऐकवलं. रात्री जेवताना मी त्याच्याशी धड बोललो नाही. तो बिचारा दोनदा विचारत होता, दाजी, तब्येत बरी आहे ना. एकदा मनात आलं होतं की मामांना एक फोन करावा. पण फोन केला म्हणजे याच्या नाटकाला आपण भुललो, असं वाटलं आणि राहू दिलं.

गुरुवारी सकाळी दुसरं वर्कशॉप. सुऱ्या बनवणारी एक बाई, पन्नाशीची, गडगडून हसणारी. तिच्या सुऱ्या बघितल्या, चहा झाला, आणि मी मुद्दाम उस्तरा पुढं केला. बघू या म्हटलं, आज काय गोष्ट रचतोय. तिनंही तसंच केलं – टिचकी मारली, कानाशी धरला. हसू थांबलं. उस्तरा मिटून तिनं टेबलावर न ठेवता दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला आणि उमाकांतला एकच वाक्य सांगितलं. उमाकांतचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "दाजी, हीपण तेच म्हणतीय. दुसरा जमिनीवर उघडा पडलाय म्हणती." मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, ॲक्टिंग चांगली करतोय.

मग मी परीक्षा घ्यायची ठरवलं. दुपारी तिसऱ्या जागी जायचं होतं. तिथला कारागीर मूळचा तुर्कस्तानचा, साठीचा, वस्तऱ्यांना शिंगाच्या मुठी बसवणारा. दारात पोचल्यावर मी उमाकांतला म्हटलं, तू खाली कोपऱ्यावरून कॉफी घेऊन ये, मी तोवर बसतो. तो गेला. मी एकटा आत गेलो, नमस्कार केला, एक शब्द न बोलता उस्तरा त्या माणसापुढं धरला.

तो खूश झाला. "उस्तुरा," म्हणाला. मी चमकलो. आपलाच शब्द! मीही मान हलवून म्हटलं, हां, उस्तरा. त्यानं पातं उघडून टिचकी मारली, कान लावला… आणि त्याचे डोळे माझ्यावर आले. त्यानं दोन बोटं वर केली. एक बोट मिटलं आणि माझ्या उस्तऱ्याकडं दाखवलं. दुसरं ताठ ठेवलं आणि तो हात खाली नेऊन फरशीवर टेकवला. "उस्तुरा," परत म्हणाला. मग पाठ वाकवून, हनुवटीखाली हात फिरवून त्यानं म्हाताऱ्या माणसाचं सोंग केलं, म्हणाला, "बाबा." आणि फरशीवर, त्या ताठ बोटाच्या शेजारी, आडवा तळहात ठेवला. कुणी आडवं पडलंय असा.

उमाकांत अजून कोपऱ्यावर होता. मधे कुणी नव्हतं, आणि हे समजायला मला कुणाची गरजही नव्हती.

मी तिथूनच मामांना फोन लावला. बंद. परत लावला, बंद. तिकडं दुपारचे चार वाजले होते. मग महानंदाला, माझ्या बायकोला, लावला. आत्ताच्या आत्ता पेडगावला मामांच्या आखाड्यावर जा म्हटलं. ती म्हणाली, दोन दिवस पावसाची झड लागलीय, शेतात चिटपाखरू नाही, वाटेत गुडघाभर चिखल, सकाळी जाते. मी काय बोललो ते आठवत नाही, पण ती आमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्याला घेऊन निघाली. उमाकांत कॉफी घेऊन आला तो माझं तोंड बघून नुसता शेजारी बसला. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा सांगितलं की दुसरा उस्तरा आहे, आणि कुणाकडं आहे. तो तुर्की माणूसही काम सोडून आमच्यासमोर स्टुलावर बसून होता.

दीड तासानं फोन आला. महानंदा रडत होती. मामा आखाड्याच्या दारात पडलेले सापडले होते. बुधवारी सकाळी ओल्या शहाबादी फरशीवर दाढी करायला बसताना पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. पावसामुळं शेजारच्या शेतात कुणी आलंच नव्हतं, मोबाईल भिजून बंद. मामा कसेबसे दारापर्यंत सरकले होते आणि पत्र्यावरून गळणारं पाणी ओंजळीत धरून पीत होते. अंगात ताप फणफणत होता. महानंदाला ओळखलं, पण पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "तेवढा उस्तरा मीट, बाई. कालपासून उघडा पडलाय." तो मागं दोन हातांवर फरशीवर पडला होता. मामांना परत तिथवर सरकता आलं नव्हतं.

परभणीला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र काढली असती तर अवघड होतं.

आम्ही ठरल्यापेक्षा आधीच परत आलो. आल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणं सगळे धागे उसवून बघितले. मामांच्या लेकीनं उमाकांतला फोन केला होता का? ती त्याला ओळखतही नव्हती. दोन नंबरचा उस्तरा असणार हे कुणालाही आकड्यावरून कळलं असतं, कबूल. पण तो उघडा आहे, जमिनीवर आहे, शेजारी म्हातारा माणूस पडलाय – हे आकड्यात कुठं लिहिलंय? उमाकांतनं माझ्या सांगण्यावरून पहिल्या म्हाताऱ्याला मेल पाठवला. त्याच्या नातीचं उत्तर आलं, की आजोबांना उस्तरा आठवतो, आवाज फुटका येत होता, बहुतेक पात्याला चीर असावी म्हणून धार लावली नाही. बाकी काही बोलल्याचं त्यांना आठवत नाही. मी पातं भिंगाखाली धरून बघितलं, दोन कारागिरांना दाखवलं. चीर कुठंच नाही. आवाज स्वच्छ येतो. सुऱ्या बनवणाऱ्या बाईलाही मेल केला, तिचं उत्तर आलं नाही. त्या तुर्की माणसाचा फोन लागतो, पण बोलणार काय आणि कुठल्या भाषेत?

मामांना मी दवाखान्यात विचारलं होतं, की रात्रभर काय केलं. म्हणाले, "तुज्या अण्णाला हाका मारायलतो. दुसरं कोन हाय मला." एवढंच. मी यातून काही अर्थ काढत नाही. मला आजही काहीच उलगडलेलं नाही, आणि ज्यांना उलगडलंय असं वाटतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

पण हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. दवाखान्यातच, ऑपरेशननंतर चौथ्यापाचव्या दिवशी, मामा उशीला टेकून बसले होते. उमाकांत खिडकीशी बसून त्यांच्यासाठी मोसंबी सोलत होता. मामा सहज म्हणाले, "आप्पा, तुला तिकडं परदेशात कवा कळलं रे?"

मी म्हटलं, "गुरुवारी."

उमाकांतचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मग परत सोलायला लागला.

"म्हंजी कळल्याबरूबर धाडलंस की महानंदाला," मामा म्हणाले आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसले.

बुधवारची ती एक रात्र मामा ताप अंगात घेऊन फरशीवर होते, आणि मी हॉटेलात दुसऱ्याचा मोबाईल तपासत होतो. मामा आता आमच्याच घरी राहतात, वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. उमाकांत दिवाळीला येतो, त्यांच्याजवळ बसतो, हसतो, बोलतो. मला बुधवारी सकाळीच कळलं होतं, हे मात्र त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, मलाही त्यावरून एक शब्द बोलला नाही. म्हणून मीच इथं लिहितोय.