दिगूदादाचा मेणातला तुकडा

डोळ्यांत थेंब घातलेत. मिटून बसा, बाहुली मोठी झाली की हाक मारते, असं सांगून नर्स गेली आहे. मी मिटून बसलो आहे. जळजळतं. मग जळजळायचं थांबतं. दुपार आहे, बाकाचा पत्रा पाठीला गार लागतो. शेजारी कल्याणी, माझी बायको, फोनवर कुणाला तरी सांगते आहे, "नाही गं, रांग हलतच नाही."

झोप येते आहे, म्हणून भराभर सांगतो.

माझा थोरला भाऊ दिगंबर कॉलेजात असताना गेला. आधी हात थरथरायचे, मग जीभ जड झाली, शेवटी कावीळ, पोट फुगलेलं. आमच्या तांबट आळीत एकच निदान झालं : दारू. आता इतक्या वर्षांनी या इस्पितळातल्या डॉ. कुंटे निदानाविना गेलेल्या माणसांचे जुने नमुने पुन्हा तपासतात. दादाच्या यकृताचा नखाएवढा तुकडा मेणात जपलेला निघाला. त्यात तांबं. खच्चून. शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही, असा दुर्मिळ आजार. आईबापांकडून येतो, तुमच्या धंद्यातून नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. सख्ख्या भावालाही असू शकतो. पुष्कळदा बुबुळाच्या काठाला सोनेरी-तपकिरी कड दिसते. वेळेवर सापडला तर माणूस गोळ्यांवर म्हातारा होतो. उशीर झाला तर

गेल्या महिन्यापासून माझा चहाचा कप बशीवर वाजतो. कल्याणीला सांगितलेलं नाही.

ठक्.

ठक् ठक्.

"सरक की जरा. बाक काय तुझ्या सासऱ्याचा आहे?"

दिगूदादा. मांडी घालून बसला आहे, समोर खुंट्यावर पालथा हंडा, हातात हातोडी. बाक कुठे गेला ते कळत नाही. आमचा कारखाना आहे, पण भिंतीवर टोकन नंबरचा लाल दिवा लागतो-विझतो आहे. मी त्याला बघतो आहे आणि माझे डोळे मिटलेलेच आहेत.

"दादा, तुझं बोलणं साफ झालंय."

"इथे जीभ जड होत नाही. लठ्ठ झालास रे निऱ्या."

"तू गेलास तेव्हा मी सातवीत होतो."

"म्हणून काय एवढं खायचं?"

तो हंड्यावर ठोके देतो. प्रत्येक ठोक्याला एकेक गोल डोळा उमटतो. एकसारखे डोळे, एकाशेजारी एक. हात अजिबात थरथरत नाही. मी त्या हाताकडेच बघत राहतो.

"माझा तुकडा ठेवलाय म्हणे त्यांनी."

"हो. मेणात."

"दाखव."

कपाटं. भांड्यांची फळी होती तिथे आता खणच खण, आणि प्रत्येक खणात मेणाच्या वड्या, साबणाच्या वडीहून लहान. थंडी वाजते. दादा एक वडी उचलतो, उजेडात धरतो.

"एवढासाच?"

"एवढाच पुरला त्यांना."

"जिवंत होतो तेव्हा अख्खा पुरलो नाही." तो हसतो. मी हसत नाही. तो वडी जागेवर ठेवतो आणि खण लावताना

आई आत येते. हातात तांब्या. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी, सकाळी उपाशीपोटी, लिव्हरला चांगलं. दादा उठून बसतो. हा वॉर्ड आहे, हीच ती खिडकीकडची कॉट. तो घटाघट पितो. मी ओरडतो, आवाज फुटत नाही. आई पदराने त्याचे ओठ पुसते, आणखी ओतते.

"तिला सांगितलंस?" दादा मला विचारतो. आई दोघांच्या मध्ये उभी आहे, तिला ऐकू येत नाही.

"पाण्याचं? नाही."

"नको सांगूस. मला आवडायचं ते पाणी."

मग आप्पा. आमचे वडील कॉटवर वाकतात, दादाचा जबडा धरतात आणि तोंडाचा वास घेतात. रोज घ्यायचे, मला आठवतं. मागे काका, त्यांच्या मागे शेजारचे पोटफोडे, त्यांच्या मागे कंपाउंडर. रांग. रांग हलते आहे. एकेक जण वाकतो, हुंगतो, पुढे जातो. शेवटी माझी पाळी येते.

"तू पण?" दादा म्हणतो.

"नाही. मी नाही."

"मग बघ ना." तो चेहरा जवळ आणतो. बुबुळाभोवती कड, घासलेल्या परातीच्या काठासारखी. "सगळे वास घेत राहिले. डोळ्यांत कुणीच बघितलं नाही. आता तुझे उघड."

"थेंब घातलेत. उघडू नका म्हणाली ती."

"उघड."

"दादा, कड निघाली तर?"

"तर गोळ्या खा."

"जन्मभर?"

"जन्मभर म्हणजे काय शिवी आहे का रे, मूर्खा? मला कुणी जन्मभर म्हटलं असतं तर नाचलो असतो मी."

"आणि नसली तर? कप तरी का वाजतो माझा?"

हंडा घासायला घेतलेला असावा, कारण त्याची बोटं चिंचेने माखलेली आहेत. तो डावा हात माझ्या मानेमागे घालतो, लहानपणी धरायचा तसा, आणि उजव्या अंगठ्याने माझी खालची पापणी खाली ओढतो. आंबट आग. मी हिसका देतो. तो सोडत नाही.

"निरंजन वडके!"

कल्याणी कोपराने ढोसते आहे. "अहो, उठा. भर दवाखान्यात घोरताय. समोरचे आजोबा कधीचे हसतायत."

काळोखी खोली. सगळ्याला धूसर झालर. डॉ. कुंटे म्हणतात, "हनुवटी इथे ठेवा. कपाळ पट्टीला लावा." मग त्या थांबतात. "डोळ्याखाली काय लावलंय हे?"

कापसाचा बोळा माझ्या गालावरून फिरतो. त्या तो दिव्यापाशी धरतात. तपकिरी, चिकट, एक लांब शीर अडकलेली.

"चिंच आहे ही."

"चिंच?" कल्याणी म्हणते. "सकाळपासून मी यांच्याबरोबर आहे, डॉक्टर. चहा सोडून काही नाही."

"असू दे. चेहरा धुऊन या. तोवर मी पुढचा पेशंट घेते. घाई नाही."

दार उघडंच आहे.

"नको," मी म्हणतो. "आत्ता बघा."

मी कपाळ पट्टीला घट्ट दाबतो. उजेडाची उभी फट सरकत माझ्याकडे येते. डोळा अजून आंबटाने चुरचुरतो आहे, पाणी येतं आहे. मी तो मिटत नाही.