घाणेरीचा रस आणि मी न दाखवलेला फोटो

पंधरा दिवस झाले, राग उतरत नाही. म्हणून शेवटी लिहायला बसले...

त्या रविवारी दौंडहून स्कूटी काढली आणि वडगाव रासाईला गेले. तिथे आमच्या अब्बांचे जुने दोस्त राहतात, आप्पा. त्यांना आतड्याचा कॅन्सर आहे. चार केमो झाल्या होत्या, डॉक्टर खूश होते. सहज भेटून यावं म्हटलं.

स्वयंपाकघरात ओट्यावर मिक्सरचं भांडं, त्यात हिरवागार रस. वासावरूनच ओळखलं... घाणेरी! बांधावर माजते ती, जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तीन वर्षं तिची पानं वाळवून, कुटून अर्क काढतेय मी. तो वास माझ्या ओढणीतूनही जात नाही.

"हे कशाला काकू?" विचारलं तर त्या कौतुकानं म्हणाल्या, "आगं तुझंच औषिद हाय की. सकाळ-संध्याकाळ पेलाभर देते."

आणि केमो? पाचवी चुकवली होती. पुढच्याही घ्यायच्या नाहीत असं ठरलेलं. माझं डोकंच फिरलं.

झालं असं होतं... मी कॉलेजात बॉटनी शिकवते आणि सोबत घाणेरीवरच पीएचडी करते. मध्यंतरी निमोण्यात, म्हणजे माझ्या गावात, माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि चौकात हा एवढा फ्लेक्स, 'कॅन्सरवर औषध शोधणारी निमोण्याची कन्या'. अरे, कुणी शोधलं औषध?

तिथल्या माझ्या भाषणाचा व्हिडिओ फिरत फिरत रांजणगावच्या एका कंपनी बसच्या ग्रुपवर गेला. आप्पांचा मुलगा विलास त्याच बसनं शिफ्टला जातो. दुसऱ्या दिवशी तो घाणेरीचा भारा घेऊनच घरी आला.

राग तरी कुणाकुणाचा करू? फ्लेक्स लावणाऱ्यांना स्वतःला शिंक आली तरी ते पुणं गाठतात. व्हिडिओ पुढे ढकलणारे एवढे, पण एकानंही फोन करून विचारलं नाही, की बाई, हे प्यायचं असतं का?

आप्पांवरही चिडले. अक्षरशः ओरडले. ते खाटेवर बसून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "रेश्मा, तूच माइकवर म्हनलीस, पेशी मेल्या म्हून. फोटूबी दावलास. आता माझ्यावर का वरडती?"

खरं होतं ते. दाखवला होता फोटो.

प्लास्टिकच्या प्लेटमध्ये बारीक बारीक खळगे असतात. त्यात कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, वर अर्क घालायचा, मग एक पिवळं द्रव्य सोडायचं. जिवंत पेशी ते पचवते आणि जांभळं करते. मेलेली खातपीत नाही, तिचा खळगा पिवळाच राहतो. पेशीची चूल पेटलेली आहे की विझली, एवढंच आम्ही बघतो. माझा फोटो पिवळाधमक होता... लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मोबाईल काढला आणि आप्पांना दुसरा फोटो दाखवला. तोही पिवळाच.

"ह्या कुनाच्या पेशी?"

"धडधाकट माणसाच्या, आप्पा."

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "म्हंजी ह्यो रस आपला-परका बघत न्हाई."

"रॉकेल ओतलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतील. म्हणून ते प्यायचं का?"

"आगं, केमोबी तसंच करती की. क्यास गेलं माझं."

म्हटलं, हो, करते. पण तिचं माप ठरलेलं आहे, आधी कितीतरी माणसांवर तपासून मग तुमच्यापर्यंत आलीय. घाणेरीचं माप कुणालाच माहीत नाही... मलासुद्धा नाही.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग ह्यो फोटू त्या दिशी का न्हाई दावला?"

माझ्या प्रबंधात दोन्ही फोटो शेजारी शेजारी आहेत. पण त्या दिवशी समोर अख्खं गाव होतं, अब्बा पहिल्या रांगेत बसले होते... टाळ्या चालू होत्या आणि त्या मला आवडत होत्या. खोटं एक अक्षर बोलले नाही मी. फक्त अर्धं बोलून खाली बसले.

काकू उठल्या, भांडं उचललं आणि मोरीत पालथं केलं.

सोमवारी विलास आप्पांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. लिव्हरचे रिपोर्ट बिघडले होते. ते सुधारल्याशिवाय केमो नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चुकलेले दिवस वेगळे, हे आणखी वेगळे... मी रोज विलासला मेसेज करत होते आणि तो रोज 'नाही अजून' एवढंच लिहीत होता.

त्या बसच्या ग्रुपवर विलासकरवी दुसरा फोटो टाकला, खाली सगळं स्पष्ट लिहिलं. हा मात्र कुणी पुढे पाठवला नाही. 'मग सत्कार कशाचा केला?' असं एकानं विचारलं. बरोबरच विचारलं त्यानं.

आणि काल दुपारी आप्पांचा फोन आला, त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. "केमोची सलाईन लागली," म्हणाले आणि ठेवून दिला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही... मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले.

आप्पा अजून रागावलेत माझ्यावर. खुशाल रागवावं. हा राग त्यांनी अजून वीस वर्षं धरावा... तेवढी वर्षं त्यांना मिळावीत, एवढंच मागणं आहे.