दोन रकान्यांची वही

भिंतीतलं भोक पुट्टीकाका अंगठ्याने चाचपायचे आणि सांगायचे, "हे खिळ्याचं. हे स्क्रूचं. आणि हे रागाचं." रागाचं म्हणजे घरातल्या कुणीतरी काहीतरी फेकून मारलेलं. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

ते घरं रंगवायचे. नखांत पुट्टी कायमची, म्हणून हे नाव पडलं. दुसऱ्या मजल्यावर अठरा वर्षं भाड्याने राहिले. मी वरच्या खोलीत तीन वर्षं होतो. साहित्याची पदवी होती, नोकरी नव्हती. त्यांनी माझं नाव 'पंडित' ठेवलं आणि काकूंनी माझं ताट रोज मांडायला सुरुवात केली. मी खोली सोडली तरी ते ताट सुटलं नाही.

काकूंचे गुडघे गेले होते. दोन वर्षांत त्या चारदा खाली उतरल्या. चारही वेळा दवाखान्यासाठी, खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून. मग दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरची एक खोली मिळाली. दाराला एकच पायरी. त्या घरमालकिणीला शनिवारी संध्याकाळपर्यंत तीस हजार डिपॉझिट हवं होतं. काकांचे तीस हजार होते, पण ते जुन्या मालकाकडे डिपॉझिट म्हणून अडकलेले.

"मिळतील," काका म्हणाले. "मालकाच्या अकरा खोल्या आहेत. अकराही मी रंगवतो. आपला माणूस आहे."

मला त्यांच्या भिंतीची काळजी होती. पलंगापासून मोरीपर्यंत कमरेच्या उंचीवर एक काळपट पट्टा गेला होता. काकू गुडघ्यांना तेल चोळायच्या आणि त्याच हाताने भिंत धरत मोरीपर्यंत जायच्या. मोरीशी काकांनी धरायला स्टीलच्या चार मुठी बसवल्या होत्या. त्या काढल्यावर भोकं उरली.

शुक्रवारी मी म्हटलं, "काका, एक हात मारून टाका की. तुम्हाला तासाभराचं काम."

"जाताना ताजा रंग मारतो तो भाडेकरू काहीतरी लपवतो," ते म्हणाले. "हे मालकाला मीच शिकवलंय. ताजा रंग दिसला की खरवडून बघायचं आणि दुप्पट लावायचं. त्यापेक्षा आहे तसं दाखवू. माणूस बघून सोडेल तो."

शनिवारी सामान टेम्पोत चढलं. काकू दाराशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर औषधांची पिशवी. मालक आला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. दुपारचं लख्ख ऊन होतं, तरी त्याने टॉर्च लावला आणि त्या पट्ट्यावरून पलंगाच्या जागेपासून मोरीपर्यंत सावकाश फिरवला. मग वही माझ्या हातात दिली.

"पंडित, तू वाच. याचा चष्मा सामानात गेला असेल."

अक्षर काकांचं होतं. मी ते ओळखलं, कारण काकूंच्या गोळ्यांच्या पाकिटांवर वेळा त्याच अक्षरात लिहिलेल्या असायच्या. प्रत्येक पानावर दोन रकाने होते. एकावर 'खर्च', दुसऱ्यावर 'कापायचे'.

"दर पहिल्या पानावर आहेत," मालक म्हणाला.

मी वाचलं. "तेलाचा डाग, पूर्ण भिंत. खर्च चौदाशे. कापायचे चार हजार दोनशे."

"दोन भिंती. पुढे."

"स्क्रूचं भोक. खर्च वीस. कापायचे दीडशे."

"बारा भोकं. पुढे."

"फरशी. एक तडकली तरी पूर्ण रांग. कापायचे अडीच हजार."

काकूंची बादली पडली होती त्या फरशीवर. मालकाने बोटांवर हिशेब केला. "बारा हजार सातशे. सतरा हजार तीनशे परत."

काका म्हणाले, "मालक, ही तर मीच तुम्हाला लिहून दिलेली वही आहे."

"म्हणून तर आणली. दुसऱ्याची आणली असती तर दर चुकीचे म्हणाला असतास."

"दुसरा रकाना भाडेकरूंसाठी होता."

"मग तू कोण?"

काकूच बोलल्या. "अहो भावजी, भिंतीला हात मी लावला. कापायचेच तर माझे गुडघे कापा. तसेही उपयोगाचे नाहीत."

"वहिनी, तुमच्याशी माझं भांडण नाही," मालक म्हणाला. "पण एकाला सोडलं की उरलेले दहा दारात येऊन बसतात. आणि बुधवारी या खोलीत नवा माणूस येतोय."

तो नोटा मोजत होता. मी उगाच पानं उलटली आणि मला माझी खोली सापडली. 'वरचा मजला, पुस्तकवाला. कपाटामागची भिंत काळी. कापायचे चार हजार.' खर्चाच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ होती.

खोली सोडली त्या दिवशी काकूंच्या ताटावर बसून मी मालकाला शिव्या दिल्या होत्या. त्या चार हजारांत माझी परीक्षेची फी होती. तेव्हा काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. "मालक लोकांना काळीज नसतं रे," असं म्हणाले होते.

मी वही मिटून मालकाला दिली.

निघताना मालक म्हणाला, "खोली सोमवारी रंगवायला घे. पहिल्या रकान्याने देईन."

"येतो," काका म्हणाले.

घरमालकिणीने सतरा हजार मोजले आणि परत दिले. काकांनी चार ठिकाणी फोन केले. माझ्याकडे बाराशे होते, ते मी दिले. दिवे लागायच्या आत ती खोली दुसऱ्या कुटुंबाला गेली. टेम्पोवाला भाडं वाढतंय म्हणून कुरकुरत होता. सामान त्याच्याच गोदामात उतरवलं. काकूंना त्यांच्या धाकट्या बहिणीकडे पोचवलं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिचा नवरा आणि मी खुर्ची उचलली. वाटेत काकू एकदाच बोलल्या. "सावकाश घ्या. घाई कुणाला आहे."

सोमवारी मी त्या खोलीवर गेलो. भोकं बुजवून झाली होती. काका पट्ट्यावर दुसरा हात मारत होते. पहिल्या हातातून तेल परत वर आलं होतं.

"तेलाचा डाग सहज जात नाही," ते म्हणाले. "तीन हात लागतील. तो दर मी खोटा लावला नव्हता."

मी विचारलं, "आणि माझी भिंत?"

त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला.

"तुझी ओल्या फडक्याने गेली."

मग त्यांनी शिडी सरकवली आणि मला म्हणाले, "जरा धर." मी धरली नाही. थोडा वेळ वाट बघून त्यांनी शिडीच्या पायाखाली एक वीट लावली आणि वर चढले.