नणंदेच्या बोटांचे ठसे

पुलाच्या चढावर तरी ताई थांबेल असं वहिनीला वाटलं होतं. ती थांबली नाही. ठसे घेणाऱ्या ऑफिसातून निघाल्यापासून बसमागून बस शेजारून रिकामी गेली, आणि दर वेळी वहिनीने हात वर करायला नि ताईने पाय उचलायला एकच गाठ पडली.

"अहो ताई, त्या बसने तुमचं काय घोडं मारलंय?"

"तू बस. मी चालते."

"तुम्हाला रस्त्यात टाकून एकटी घरी गेले तर तुमचा भाऊ मला घरात घेईल का?"

"तो? तो आधी चहा मागेल. मी नाही हे जेवायच्या वेळी कळेल त्याला."

वहिनीला हसू फुटलं. ताई हसली नाही. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते, कुणी ते बघू नयेत तसे.

ऑफिसातल्या माणसाने तिची सगळी बोटं एकेक करून काचेवर ठेवून पाहिली होती. पुसून ठेवली, दाबून ठेवली, फुंकर मारून ठेवली. यंत्र आपलं लाल दिवा दाखवतंय. शेवटी तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बाई, बोटं आहेत तुम्हाला, पण बोटांवर काहीच नाही." मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. वहिनीने मनात देवाचं नाव घेतलं, आणि त्या हसणाऱ्याकडे असं काही बघितलं की त्या दोन गोष्टी एका मनात कशा मावल्या ते तिलाच कळलं नाही.

ताई ही तिची थोरली नणंद. नवरा वारल्यावर एक पिशवी घेऊन भावाकडे आली, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी घरातली खरकटी भांडी घासायला लागली. "फुकटचं खाते असं कुणी म्हणायला नको," एवढंच म्हणाली. कुणी म्हणत नव्हतं. पण त्या दिवसापासून भांडी आणि फरशी तिने दुसऱ्या कुणाला शिवू दिली नाही. वहिनीने हात लावला की म्हणायची, "सर बाजूला, तुला नीट जमत नाही." स्वतःसाठी मात्र तिने या घरात कधी प्यायला पाणीसुद्धा मागितलं नाही, उठून घ्यायची.

पुढे घरांचे व्यवहार करणाऱ्या एका एजंटकडे तिला काम मिळालं, तेही साफसफाईचंच. भाडेकरू निघून गेलेली रिकामी घरं गिऱ्हाईक येण्याआधी लख्ख करायची. ओट्यामागची तेलकट भिंत, रंगाचे शिंतोडे, संडासातली पिवळी रेघ, सगळं अ‍ॅसिड आणि ब्रशने. गिऱ्हाईक येई तेव्हा तिचा मालक, म्हणजे तो एजंट, हमखास फोनवर. मग माणसं विचारणार कुणाला? फरशी पुसणाऱ्या बाईला. ऊन कुठल्या खोलीत येतं, वरचे लोक खुर्च्या ओढतात का, पावसात कुठली भिंत ओल धरते, ती न लपवता सांगायची. मालकाच्या लक्षात आलं की ताई बोलली की घर जातं. हळूहळू तो चाव्या देऊन तिलाच पुढे पाठवू लागला.

मग सरकारने घरं दाखवणाऱ्यांसाठी परवान्याचा नियम कडक केला. परवाना नसलेल्याने कुलूप उघडावं, फरशी पुसावी, पण घराबद्दल चकार शब्द काढू नये. एक जोडपं घर बघायला आलं. "पाणी कसं येतं हो?" ताईने नळ सोडून दाखवला. "शेजार कसा आहे?" ताईने खिडकी उघडली आणि बाजूला उभी राहिली. त्या बाईने मालकाला फोन करून विचारलं, "तुमच्या या मावशी मुक्या आहेत का?"

त्या संध्याकाळी ताई जेवताना म्हणाली, "मी परवाना काढणार."

भाऊ म्हणाला, "या वयात?"

"वयाची अट खालून आहे, वरून नाही. मी विचारून आले."

बाकीच्या अटी काही थोड्या नव्हत्या. शाळा पूर्ण झालेली हवी. तिची शेवटच्या वर्षाला सुटली होती, ती घरून अभ्यास करून पुरी केली. मग ठरलेल्या तासांचा वर्ग, हजेरीसकट. मग परीक्षा. परवानाधारक एजंटने 'ही माझ्या हाताखाली काम करेल' अशी सही द्यायची. ती मालकाने खुशीत दिली. सगळ्यात शेवटी वर्तणुकीचा दाखला, आणि त्यासाठी बोटांचे ठसे.

परीक्षेत पहिल्यांदा ती आपटली, ती भलेपणापायी. घरमालक कमीत कमी कितीला देईल, असं गिऱ्हाईकाने विचारलं तर काय कराल? ताईने उत्तर दिलं होतं, सांगून टाकीन.

वहिनीने भाजी निवडता निवडता कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही घरमालकाच्या बाजूने उभ्या आहात. त्याचं पोटातलं बाहेर काढायचं नाही."

"आणि गिऱ्हाईक गरीब असलं तर?"

"तरी नाही. ताई, देव तुमच्या बाजूने असेल, पण पेपर तपासणारा नाही."

"मग खोटं बोलू?"

"खोटं नाही. गप्प."

हे 'गप्प' शिकायला ताईला सगळ्या पुस्तकापेक्षा जास्त वेळ लागला. दुसऱ्यांदा मात्र पास झाली. वहिनी देवापुढे हात जोडायला निघाली तर ही म्हणते, "थांब, अजून ठसे राहिलेत. देवाला दोनदा उठवू नकोस."

आणि आज हे ठसे असे अडले. यंत्रावरचा माणूस शेवटी जरा मऊ झाला होता. अ‍ॅसिडने आणि साबणाने कातडी झिजलीय, म्हणाला. हातांना विश्रांती द्या. पाणी, साबण काही नको, तेल लावा. रेघा परत येतात. पण महिना उलटायच्या आत या. नंतर परीक्षेचा निकाल बाद होतो, सगळं पहिल्यापासून.

पूल उतरल्यावर ताई एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली आणि तिने फोन लावला.

"मालक, मी बोलतेय. उद्यापासून फरशा पुसायला दुसरं माणूस बघा. नाही, नोकरी नाही सोडत. हात सोडवतेय... किती दिवस? रेघा येईपर्यंत... तुम्हाला बोलणारी बाई हवीय की मुकी, ते ठरवा." मग बराच वेळ पलीकडचं ऐकलं. "बरं. कुलपं उघडीन. ब्रशला हात लावणार नाही."

फोन ठेवला. "एक झालं," म्हणाली, आणि पुन्हा चालू लागली. पण आता पाय ओढत. वहिनीला कळेना, मालक तयार झाला, मग आता काय? गल्लीचं वळण आलं, घराचा जिना दिसू लागला, तशी ताईची चाल आणखी मंदावली. कायद्याच्या पुस्तकाला न घाबरलेली ही बाई कशाला अडखळतेय, ते वहिनीच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. पण ती मुद्दाम बोलली नाही. हे ताईच्याच तोंडून यायला हवं होतं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताई वळली. पदराखालचे हात तिने बाहेर काढले.

"वहिनी, एक मागू?"

"मागा की."

"माझे ठसे उमटेपर्यंत घरातली भांडी आणि फरशी तू कर. निम्मी तुझ्या नवऱ्याला करायला लाव. आणि मी सवयीने पुढे आले ना, तर थोरली आहे म्हणून भीड धरू नकोस. मला सरळ हाकलून दे."